सायलेन्सर बदलला आणि दिवा पेटला

विहिरीवर ऑइल इंजिन चालवलेल्या माणसाला धूर वाचता येतो. धूर काळा आला की तो म्हणतो, डिझेल जास्त पडतेय, नाहीतर हवा कमी पडतेय. धूर निळा आला की तो ओळखतो, आतले ऑइल जळू लागले. थंडीच्या दिवसांत सकाळी इंजिन सुरू केले आणि थोडा वेळ पांढरा धूर आला, तर तो घाबरत नाही. अक्षर ओळखत नव्हता त्या माणसालाही हे वाचन येत होते. बैलाचे शेण बघून त्याचे पोट कसे आहे ते सांगणारी माणसे माणदेशात घरोघर होती. तसेच हे.

आताच्या मोटारसायकलींच्या आणि मोटारींच्या धुराला रंग नसतो. वासही फारसा नसतो. तो धूर डोळ्यांनी वाचता येत नाही. म्हणून गाडी बनवणाऱ्यांनी ते वाचायचे काम गाडीलाच दिले आहे. गाडी आपला धूर आपणच वाचते. वाचताना हिशेब जुळला नाही, तर काट्यांजवळ एक पिवळा दिवा लावते. त्या दिव्यावर इंजिनाचे चित्र असते. लहान पोराने पाटीवर पाण्याचा पंप काढावा तसे ते दिसते. या दिव्याला चेक इंजिन लाईट म्हणतात. म्हणजे, इंजिन तपासा असे सांगणारा दिवा.

चावी फिरवली की हा दिवा क्षणभर लागतो आणि इंजिन सुरू झाल्यावर विझतो. ते बरोबरच आहे. दिव्याचा बल्ब शाबूत आहे, एवढेच तो त्या वेळी सांगतो. इंजिन चालू असताना तो लागून राहिला, तर मात्र बघितले पाहिजे.

आमच्या सातारा-सांगलीकडे हा दिवा पेटण्याचे एक कारण सध्या फार दिसते. ते म्हणजे बदललेला सायलेन्सर. एमएच ११ असो, एमएच १० असो, की कराडची एमएच ५० असो, गाडीचा सायलेन्सर बदलून आणला, आणि चार दिवसांत दिवा लागला, अशी तक्रार घेऊन लोक येतात. आम्ही शाळेतून निवृत्त झालो, पण लोकांची सवय सुटलेली नाही. एक तरणा गडी आम्हांला म्हणाला, "गुरुजी, दिवा लागलाय खरा, पण गाडी तर बुंगाट पळतीया. मग बिघडलंय कुठं?" त्याचा प्रश्न चांगला होता. त्याचेच उत्तर आपण पाहू.

सायलेन्सर बदलणारे सगळेच आवाजाचे शौकीन असतात असे कोणी समजू नये. पाटण, महाबळेश्वरकडच्या पावसात लोखंड गंजते. सायलेन्सरला भोक पडते. कंपनीचा नवा सायलेन्सर महाग असतो, म्हणून माणूस बाजारातला स्वस्त बसवतो. काहींचा तर चोरीला जातो, त्याची हकीकत पुढे येईलच. आणि काही जण बुलेटचा आवाज वेशीपर्यंत ऐकू गेला पाहिजे म्हणून बदलतात. तिघांच्या गाडीत दिवा एकाच कारणाने लागतो.

सायलेन्सराच्या पोटात काय असते

पूर्वीचा सायलेन्सर म्हणजे आवाज मारणारा डबा होता. आत दोन-चार पडदे आणि भोके पाडलेल्या नळ्या. तो बदलला तर आवाज बदलायचा, दुसरे काही व्हायचे नाही. जुने मेस्त्री अजून हेच धरून चालतात, आणि सगळा घोटाळा तिथे होतो.

पेट्रोल जळताना तीन वाईट वायू तयार होतात. एक कार्बन मोनॉक्साइड. याला वास नाही, रंग नाही, पण बंद खोलीत तो माणसाचा जीव घेतो. दुसरे, अर्धवट जळलेल्या पेट्रोलचे अंश. तिसरे, नायट्रोजनचे ऑक्साइड. यांनी डोळे चुरचुरतात आणि छाती भरते. या तिघांना निरुपद्रवी करण्यासाठी सायलेन्सरच्या वाटेवर एक जाळी बसवतात. तिला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणतात. गॅरेजात तिला नुसते कॅट म्हणतात. आपण जाळी म्हणू.

ही जाळी मधमाश्यांच्या पोळ्यासारखी असते. बारीक बारीक खाने, आरपार मोकळे. बहुधा ती चिनी मातीसारख्या भाजलेल्या मातीची असते. काही गाड्यांत पातळ पत्र्याची असते. खान्यांच्या आतून प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा अगदी पातळ लेप असतो. जाळी तापली, म्हणजे सुमारे तीनशे अंशांच्या वर गेली, की तिच्यातून जाणारे वाईट वायू बदलतात. बाहेर पडते ती पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि साधा नायट्रोजन. सकाळी मोटारीच्या नळीतून पाण्याचे थेंब पडतात ते वाफेचेच. गाडीत पाणी शिरले म्हणून घाबरणारे लोक आम्हांला माहीत आहेत.

आपल्या देशात दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या चार शहरांत १ एप्रिल १९९५ पासून पेट्रोलच्या नव्या मोटारींना ही जाळी सक्तीची झाली. त्या काळच्या पेट्रोलमध्ये शिसे मिसळत. शिशाने जाळी मरते. म्हणून या मोटारींसाठी बिनशिशाचे पेट्रोल आणावे लागले, आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर तेच सुरू झाले. पुढे १ एप्रिल २०२० पासून बीएस सिक्स नावाचे कडक नियम आले. तेव्हा बहुतेक मोटारसायकलींचा कार्बोरेटर गेला आणि पेट्रोल मोजून फवारणारा इंजेक्टर आला. पाठोपाठ पिवळा दिवाही दुचाकीवर आला. मोटारींत तो आधीपासून होताच. १ एप्रिल २०२३ पासून हे नियम आणखी एक पायरी चढले.

धूर वाचणारा

इंजेक्टरने पेट्रोल किती फवारावे? एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे पावणेपंधरा किलो हवा लागते. हवा कमी पडली तर पेट्रोल वाया. हवा जास्त झाली तर इंजिन तापते, झटके देते. हे माप सांभाळणारा एक लहान संगणक गाडीत असतो. मेस्त्री त्याला ईसीएम म्हणतात. पण डब्यात बंद असलेल्या संगणकाला धुरात काय चालले आहे ते कसे कळावे?

त्यासाठी नळीत एक खबऱ्या बसवलेला असतो. दिसायला तो स्पार्क प्लगसारखा असतो, मागून वायर निघते. त्याचे नाव ऑक्सिजन सेन्सर. गॅरेजात त्याला ओटू सेन्सर म्हणतात. धुरात जळून उरलेली हवा किती आहे ते तो सांगतो. जर्मनीतल्या बॉश कंपनीने १९७६ साली तो मोटारींसाठी बनवायला सुरुवात केली. सेन्सर गरम झाला की स्वतः थोडी वीज निर्माण करतो. ती अगदी थोडी असते. बॅटरीतला सेल दीड व्होल्टचा असतो. हा सेन्सर फार तर नऊ दशांश व्होल्टपर्यंत जातो. धुरात हवा उरली नाही की वीज वाढते. हवा उरली की वीज एक दशांशाच्या आसपास उतरते. एवढ्या बारीक विजेवर संगणक पेट्रोलचे माप दर क्षणाला कमी-जास्त करतो. मग तिच्या वायरीला जरा गंज चढला, जरा ओल लागली, तर हिशेब बिघडणार हे उघड आहे.

मोटारींत असे दोन खबरे असतात. एक जाळीच्या अलीकडे, दुसरा जाळीच्या पलीकडे. मोटारसायकलीत बहुधा एक असतो, काही नव्या गाड्यांत दोन.

दोन कशाला? गुऱ्हाळाचे उदाहरण घ्या. ऊस चरकात जातो, चिपाड बाहेर पडते. चरक नीट चालतो की नाही ते कसे ओळखाल? चिपाड हातात घेऊन पिळाल. कोरडे असेल तर चरक ठीक. चिपाडातून उसाइतकाच रस गळू लागला, तर चरक नुसता फिरतोय, काम करीत नाही. पुढचा सेन्सर ऊस पाहतो, मागचा सेन्सर चिपाड पाहतो. जाळी चांगली असेल तर पुढच्याची वीज वर-खाली होत राहते आणि मागच्याची बरीचशी स्थिर राहते. जाळी मेली, किंवा कोणी काढून टाकली, तर मागचाही पुढच्यासारखा नाचू लागतो. संगणक म्हणतो, चरक बंद आहे. आणि दिवा लावतो.

त्या तरण्या गड्याच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे आले. गाडी पळते, कारण जाळी नसली तरी इंजिनाला पळायला अडचण नाही. धूर मात्र घाण जातो. तो मागे बसलेल्या पोराच्या नाकात आधी जातो. उरलेले अर्धे उत्तर जास्त खर्चाचे आहे. ते आता पाहू.

बारीक फट आणि पेट्रोलची उधळण

नदीवरच्या पंपाच्या ओढणाऱ्या पाइपाला बारीक चीर पडली, तर पाणी बाहेर गळत नाही. उलट चिरेतून हवा आत ओढली जाते आणि पंप पाणी सोडतो. शेतकऱ्याला हे शिकवायला नको. सायलेन्सरच्या नळीतही असेच होते. इंजिन धूर एकसारखा सोडत नाही, दणक्या-दणक्याने सोडते. एक दणका बाहेर पडला की त्याच्या मागे क्षणभर ओढ तयार होते. इंजिनाजवळच्या सांध्याला फट असेल, तर त्या ओढीने बाहेरची हवा नळीत शिरते.

ही हवा सेन्सरला लागते. तो बिचारा प्रामाणिक आहे. तो संगणकाला सांगतो, धुरात हवा फार आहे. संगणक समजतो, पेट्रोल कमी पडतेय. तो पेट्रोल वाढवतो. खरे म्हणजे पेट्रोल पुरेसे होते. आता ते जास्त होते. प्लग काळा पडतो. ॲव्हरेज घसरतो. उताराला ॲक्सिलेटर सोडला की नळीतून फट-फट बार निघतात. खंबाटकीच्या घाटात असे बार काढीत जाणाऱ्या गाड्या ऐकू येतात. पोरांना तो आवाज मर्दानी वाटतो. बहुधा ते न जळलेले पेट्रोल नळीत जळत असते, आणि पेट्रोलचे पैसे बापाने दिलेले असतात.

पुढे हेच जादा पेट्रोल तापलेल्या जाळीत जाऊन जळते. जाळी प्रमाणाबाहेर तापते आणि वितळते. वितळलेली जाळी नळी बुजवते. मग गाडीला श्वासच सोडता येत नाही. घाट चढत नाही. काही रुपयांच्या पॅकिंगपायी हजारोंचा खर्च उभा राहतो.

दिवा लागल्यावर काय करावे

पहिली गोष्ट, दिवा कसा लागलाय ते पाहा. स्थिर लागून राहिला असेल, तर गाडी सावकाश चालवत घरी किंवा गॅरेजपर्यंत नेता येते. दिवा लुकलुकत असेल आणि इंजिन झटके देत असेल, तर ॲक्सिलेटर सोडा, बाजूला घ्या, गाडी बंद करा. न जळलेले पेट्रोल जाळीत जाते आहे, असा त्या लुकलुकण्याचा बहुधा अर्थ असतो. काही मोटारसायकली दिवा लुकलुकवून बिघाडाचा आकडाही सांगतात. आपल्या गाडीचे पुस्तक काय म्हणते ते आधी वाचून ठेवा. तापलेली गाडी उसाच्या पाचटावर किंवा वाळल्या गवतावर उभी करू नका. खालची जाळी पाचट पेटवण्याइतकी गरम असू शकते. लाल रंगाचा ऑइलचा दिवा वेगळा. तो लागला तर एक पाऊलही पुढे जायचे नाही.

दुसरी गोष्ट, वही काढा. सायलेन्सर कोणत्या दिवशी बदलला, त्या वेळी गाडी किती किलोमीटर चालली होती, दिवा कधी लागला, हे लिहा. बदलल्याबरोबर दिवा लागला असेल, तर बहुधा वायर जोडायची राहिली आहे किंवा दुखावली आहे. आठ-पंधरा दिवसांनी लागला असेल, तर जाळीचा किंवा फटीचा संशय घ्यावा. संगणक जाळीचा निकाल लगेच देत नाही. दोन-चार फेऱ्या पाहून मग बोलतो.

तिसरे काम गाडी पूर्ण थंड झाल्यावर करायचे. सेन्सरची वायर हाताने माग काढीत पाहा. ती गरम नळीला टेकून वितळली आहे का? कपलर नीट टक करून बसला आहे का? आतली पिन वाकली आहे का? मोटारीत दोन सेन्सरांचे कपलर सारखे दिसत असतील, तर उलटसुलट जोडले गेले नाहीत ना? नवी नळी लांब-आखूड असली की वायर पुरत नाही. मग मेस्त्री ती तोडतो, पीळ मारतो, टेप गुंडाळतो. पहिल्या पावसात ती जागा दगा देते. असा जोड दिसला तर तो आधी नीट करून घ्या.

सेन्सर स्वतः आट्यांत सरळ बसला आहे का तेही पाहावे. तो हातातून फरशीवर पडला असेल तर आतली भाजलेली माती तडकते. बाहेरून काही दिसत नाही, पण तो कामातून जातो. काचेला, नळाला लावायची सिलिकॉनची पेस्ट कोणी सांध्याला फासली असेल, तर तिच्या वाफेने सेन्सर आंधळा होतो. हे पुष्कळ गॅरेजवाल्यांनाही ठाऊक नसते.

मग फट शोधायची. गाडी उघड्यावर घ्या. गोठ्यात, शेडमध्ये दार लावून इंजिन चालू ठेवायचे नाही. वर सांगितलेला बिनवासाचा वायू तिथे साचतो. थंड इंजिन सुरू करा आणि सांध्यांवर साबणाचे पाणी टाका. फुगे आले की तिथे फट आहे. नळी तापायच्या आत हे उरका, नाहीतर हात भाजेल. जुनी फट असेल तर साबणही लागत नाही. सांध्यावर काजळीचा काळा ओघळ दिसतो. नळी काढली की पॅकिंग नवे घालायचे, जुने पुन्हा दाबून बसवायचे नाही. आणि नट एकाच बाजूने आवळत न्यायचे नाहीत. दोन्हीकडून थोडे थोडे आवळायचे.

वेल्डिंग करायची वेळ आली, तर आधी सेन्सर काढून ठेवायला सांगा आणि बॅटरीची वायर सोडायला सांगा. विजेच्या वेल्डिंगने संगणक जळू शकतो. आमच्या भागात नांगर-कुळवाला वेल्डिंग करणारा माणूसच सायलेन्सरही जोडतो. त्याला हे मुद्दाम सांगावे लागते.

इतके करूनही दिवा राहिला, तर आकडा वाचायचा.

एक अक्षर आणि चार आकडे

संगणक नुसता दिवा लावून थांबत नाही. आपली तक्रार तो लिहूनही ठेवतो. एक इंग्रजी अक्षर आणि पुढे चार खुणा, बहुधा आकडेच. गॅरेजात स्कॅनर नावाचे यंत्र असते. ते गाडीला जोडले की हा आकडा दिसतो. अमेरिकेत १९९६ पासून सगळ्या नव्या मोटारींना एकच पद्धत सक्तीची झाली, आणि तेच आकडे आज जगभर चालतात. दुचाकींच्या काही कंपन्या आपले वेगळे आकडेही वापरतात.

सायलेन्सर बदलल्यावर मोटारीत जास्त करून दिसतो तो पी ०४२०. जाळी काम करीत नाही, अशी ती तक्रार. पी ०१७१ म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त. पी ०१७२ म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. पी ०१३५ आणि पी ०१४१ हे पुढच्या आणि मागच्या सेन्सरमधल्या तापवणाऱ्या तारेबद्दल बोलतात. तिथे वायर तुटली असेल किंवा कपलर सुटला असेल.

हा आकडा म्हणजे तक्रारीचा अर्ज आहे, निकाल नाही. तलाठ्याकडे अर्ज आला म्हणजे बांध कोणी कोरला ते ठरत नाही. पी ०१७१ दिसला म्हणून सेन्सर बदलायचा, हे चूक. फट असली तरी हाच आकडा येतो.

खटाव तालुक्यातल्या एका दूधवाल्याची हकीकत सांगतो. त्याची गाडी मारुती ईको. एका रात्री तिचा सायलेन्सर चोरीला गेला. त्याने एका गॅरेजातून स्वस्तातला दुसरा बसवला. आठवड्याने दिवा लागला. गॅरेजवाल्याने यंत्र लावून दिवा घालवला आणि पैसे घेतले. दिवा पुन्हा आला. मग मागचा सेन्सर बदलला. पुन्हा आला. मग पुढचाही बदलला. दूधवाला प्रौढ वर्गात नुकतेच लिहायला शिकला होता. दुधाच्या वहीच्या मागच्या पानावर तो दर खेपेला यंत्रावरचा आकडा उतरून घ्यायचा, अर्थ कळत नसताना. त्याने ते पान आम्हांला दाखवले. चार तारखा, आणि चारही वेळा पी ०४२०. दोन सेन्सर नवे आणि आकडा तोच. म्हणजे दोष सेन्सरचा नव्हता. आम्ही त्याला दुसऱ्या जाणत्या मेस्त्रीकडे पाठवले. सायलेन्सर काढून उजेडात धरला तेव्हा आत काहीच नव्हते. रिकामा डबा. ते पान नसते तर त्या माणसाने आणखी काय काय बदलले असते कोणास ठाऊक.

तेव्हा आकडा पुसण्याआधी तो आपल्या हाताने लिहून घ्या. बॅटरीची वायर काढून लावली तरी बऱ्याच गाड्यांतला दिवा जातो. तो दुरुस्तीने गेलेला नसतो. पंचनाम्याआधी जागा सारवून टाकावी, त्यातला तो प्रकार.

चोर सायलेन्सर का नेतात

चोराला आवाजाची हौस नसते. त्याला जाळी हवी असते. गुजरातेत आणि महाराष्ट्रात २०२१ च्या सुमारापासून ईको गाड्यांचे सायलेन्सर चोरणाऱ्या टोळ्या पोलिसांनी पकडल्याच्या बातम्या सारख्या येत गेल्या. ही गाडी जमिनीपासून बरीच वर असते, त्यामुळे खाली शिरून सायलेन्सर काढणे सोपे जाते. चोर त्यातल्या जाळीचा चुरा करतात आणि त्याला 'माती' म्हणतात. ती माती विकली जाते.

मातीला भाव कसला, असे सांगलीकडच्या माणसाने तरी विचारू नये. विटा, खानापूर, आटपाडी भागातले गलाई बांधव देशभरच्या सराफ पेठांत बसले आहेत. सोनाराच्या दुकानातला केर घेऊन, तो धुऊन, भाजून, वितळवून त्यातून सोने-चांदी काढणे हा त्यांचा पिढ्यांचा धंदा. इतरांना जो केर वाटतो त्याची किंमत त्यांना कळते. सायलेन्सरच्या मातीतले प्लॅटिनमही तसेच आहे. थोडे आहे, पण मोलाचे आहे.

आता यातली गोम पाहा. तुम्ही नवा सायलेन्सर बसवायला जाता. दुकानदार म्हणतो, "जुना राहू द्या इथंच, कशाला वझं नेता? दोनशे कमी करतो." तुम्हांला वाटते, भला माणूस आहे. त्या जुन्या डब्यात जाळी असेल, तर तिची किंमत दोनशेच्या कितीतरी पट असू शकते. म्हणून जुना भाग मागून घ्या आणि पोत्यात घालून घरी आणा. तो शाबूत असेल तर पुन्हा बसवताही येतो, आणि दिवा घालवायचा तोच सगळ्यांत स्वस्त उपाय ठरतो.

फसवायचे उपाय आणि कायदा

बाजारात दिवा घालवायच्या युक्त्या विकतात. मागच्या सेन्सरखाली एक लांब नट घालतात, म्हणजे तो धुरापासून दूर राहतो आणि त्याला खरे दिसत नाही. कोणी संगणकाचे मापच बदलून देतो. कोणी दिव्यावर चिकटपट्टी लावतो. चोर येतात म्हणून कुत्र्याचे तोंड बांधण्यासारखे हे आहे. उद्या खरोखरच इंजिनात दुसरा बिघाड झाला, तर सांगायला कोणी उरत नाही.

कायद्याचेही ऐकून ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड सांगितला आहे. आवाजाचे आणि धुराचे नियम मोडून रस्त्यावर गाडी चालवणाऱ्याला कलम १९०(२) लागते. त्यात तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, आणि लायसन्सवर गदा. मोठ्या मोटारसायकलीच्या आवाजाला ठराविक चाचणीत ८० डेसिबलची मर्यादा आहे. महाराष्ट्रातल्या कित्येक शहरांत पोलिसांनी असे जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवर रोड रोलर फिरवला. हजारो रुपयांचा माल एका मिनिटात पत्रा झाला.

कंपनीबाहेरचा प्रत्येक भाग वाईट, असे आमचे म्हणणे नाही. चांगले भागही मिळतात. घेताना तीन प्रश्न विचारा. आत जाळी आहे का? सेन्सर बसवायची जागा मूळ जागीच आहे का? माझ्या गाडीच्या मॉडेलसाठी याला मान्यता आहे का? मोटारसायकलवाल्याने आणखी एक विचारावे. आपल्या गाडीची जाळी पुढच्या बेंड पाईपात आहे की मागच्या डब्यात? जाळी पुढे असेल आणि नुसता मागचा डबा बदलला, तर दिवा बहुधा लागत नाही. आवाजाचा गुन्हा तरीही होऊ शकतो. सगळी नळीच बदलली तर जाळी गेली, आणि सेन्सरही हलला. दुकानदाराने दिलेली उत्तरे पावतीवर लिहून मागा. जो लिहून देत नाही, त्याचा सायलेन्सर घेऊ नये असे आम्हांला वाटते.

डिझेलच्या नव्या गाड्यांत काजळी अडवणारी आणखी एक गाळणी असते. पन्नास अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरांनाही जानेवारी २०२३ पासून धुराचे कडक नियम लागले आहेत. त्यांचा सायलेन्सर गावच्या वेल्डरकडून कापू नये, एवढेच इथे सांगतो.

दुरुस्ती झाली, जाळीचा सायलेन्सर बसला, पॅकिंग नवे पडले, तरी दिवा त्याच दिवशी जाईल असे नाही. संगणक धुराची पुन्हा परीक्षा घेतो. गाडी थंड असताना सुरू करून नेहमीच्या वाटेने पाच-दहा मैल नेली, आणि असे दोन-चार दिवस केले, तर बहुधा तो आपोआप विझतो. आठवडाभर वाट पाहा. तरी राहिला तर वहीतला जुना आकडा घेऊन मेस्त्रीकडे जा, नवा आकडा काढायला सांगा, आणि दोन्ही शेजारी शेजारी मांडून बघा.